भिंगरीचा मीटर

३ नोव्हेंबर, सोमवार

प्रिय भिंगरी,

अनेक आशीर्वाद. तुम्ही दोघं काल सुखरूप पोचलात, हे तुझ्या फोनवरून आईला कळलं आणि आईकडून मला. इकडे सगळं ठीक. आईचे गुडघे ठीक. शिलाईचं मशीन ठीक, परवापर्यंत एका टॅक्सीची सीट कव्हरं शिवून द्यायची आहेत म्हणून ती सकाळपासून कुणाशी बोलत नाही. गॅरेजातला कॉम्प्रेसरही ठीक, फक्त सकाळी सुरू होताना खोकतो, पण ते तर मीही करतो.

हातात फोन असताना बाबांनी पत्र का लिहिलं, असं तू म्हणशील. कारण फोनवर तू माझे शब्द ऐकत नाहीस, आवाज ऐकतेस. तू चौथीत होतीस तेव्हा मी तुला सांगितलं होतं की मांजर शेजाऱ्यांकडे राहायला गेलंय. तू पलीकडच्या खोलीतून ओरडलीस, "बाबा, तुमचा आवाज घासतोय!" कान माझेच घेतलेस, त्याला मी काय करणार? कागद मात्र घासत नाही. म्हणून पत्र.

तर मीटर. शनिवारी जावईबापूंनी ती डबी दोन्ही हातांनी माझ्यापुढे धरली, तेव्हा मला वाटलं आत पेढाबिढा असेल. निघाली काळी चकती. बांगडीपेक्षा लहान, आत निळे आकडे. तू म्हणालीस, "बाबा, बूस्टचा मीटर. डॅशबोर्डवर बसवायचाय. आणि तुमच्याशिवाय कोणी गाडीला हात लावायचा नाही."

शेवटचं वाक्य मला आवडलं. आधीची नाही आवडली.

"कशाला पाहिजे?" मी विचारलं.

"टर्बो किती हवा कोंबतोय ते कळेल."

"ते कळतंच आहे की. दर रविवारी कळतं."

"रविवारी, बाबा. मी डोंगरावर जाते मंगळवारी आणि शुक्रवारी."

मी पाना शोधायला गेलो. पाना खिशातच होता.

तुला आठवतं का, टर्बोला 'भिंगरी' हे नाव तूच दिलंस. सात वर्षांची होतीस. मी उघडून दाखवला होता, धुराच्या जोरावर एक पंखा फिरतो, तो दुसऱ्या पंख्याला फिरवतो, आणि तो दुसरा इंजिनच्या नाकात हवा कोंबतो. तू बोट लावून फिरवलास आणि म्हणालीस, "भिंगरी!" त्या दिवसापासून टर्बो भिंगरी आणि तूही भिंगरी. तुझी ही पांढरी गाडी मी चुरा झालेल्या अवस्थेत आणली आणि चौदा महिने लावून उभी केली, ती तू गुरांची डॉक्टर होऊन पहिल्या नोकरीला निघालीस म्हणून. तेव्हापासून आपला रविवार ठरलेला. आधी फोन बॉनेटवर. मग फोन डॅशबोर्डवर, काचा बंद, आणि तुझ्या घरामागचा तो चढ दुसऱ्या गिअरमध्ये. मी इकडे डोळे मिटून ऐकायचो आणि सांगायचो, "भिंगरी बरी आहे." कुठली ते तू कधी विचारलं नाहीस. सहा वर्षं. एकही रविवार चुकला नाही, तुझ्या लग्नाचासुद्धा. मांडवात नेसलेल्या कपड्यांनी गाडीत बसलीस आणि म्हणालीस, "पटकन ऐका, फोटोवाला थांबलाय."

आता ती निळी चकती ऐकणार.

जावईबापूंबद्दल मी काही बोललो नाही, बोलणारही नाही. सज्जन माणूस. दुसऱ्यांची मापं तपासण्याची नोकरी करतो, वजनकाटे, दाबाचे मीटर, सगळं त्यांच्या प्रयोगशाळेत येतं, आणि हा सांगतो कोण किती खोटं बोलतंय. मागच्या खेपेला सहज माझा टायरची हवा मोजायचा गेज खिशात घालून नेला, तुला माहीत आहे. बावीस वर्षं वापरतोय मी तो. परत आला तेव्हा पाठीवर नखाएवढं स्टिकर होतं, 'दोन जास्त दाखवतो'. मी विचारलं, "म्हणजे मी बावीस वर्षं लोकांच्या चाकांत हवा कमी भरली?" तर म्हणतो, "तसं नाही, बाबा. एका रीडिंगवर विश्वास ठेवायचा नसतो, एवढंच. दोन तरी लागतात." आवाज इतका मऊ की भांडताही येत नाही.

मीटर कुठे बसवायचा यावर आमचं झालंच. मी म्हटलं गिअरच्या पुढे, खाली. तो म्हणाला, "वर, हवेच्या जाळीशेजारी. तिची नजर रस्त्यावरून हलायला नको." बरोबर होतं. बरोबर होतं म्हणूनच मला राग आला. आणि टॉर्च! माझ्या प्रत्येक कामात टॉर्च तू धरायचीस, आणि मधेच तुझं लक्ष उडून उजेड छतावर जायचा. मी खाली अंधारात ओरडायचो. शनिवारी टॉर्च त्याने धरला. दीड तास. उजेड एक बोट हलला नाही. इतका नीट धरलेला टॉर्च मी आयुष्यात पाहिला नाही आणि मला एकही स्क्रू सापडेना.

तुम्ही सगळे चहाला आत गेलात तेव्हा मी आलो नाही, कारण नळीचं शेवटचं काम राहिलं होतं. ते मी एकट्याने केलं. त्याबद्दल सांगण्यासारखं काही नाही.

मग आपण तिघं इथल्या चढावर गेलो. आकडा आठला थांबला, म्हणजे शून्य पॉइंट आठ. जावईबापू मागून म्हणाले, "एक यायला हवा ना, बाबा?" मी डोळे मिटले, ऐकलं आणि सांगितलं, "गाडी एकवरच आहे. तुमचा मीटर आठवर आहे."

तू स्टिअरिंगवर डोकं टेकवून हसलीस. ते हसू मी अजून जपून ठेवलंय.

रविवारी फोन कर. मीटर असला तरी कर.

तुझे आणि फक्त तुझे,
बाबा


२४ नोव्हेंबर, सोमवार

प्रिय भिंगरी,

आशीर्वाद. तुझी काल संध्याकाळची तक्रार ऐकली आणि लिहायला बसलो. त्या गाभण म्हशीचं सुखरूप झालं हे ऐकून बरं वाटलं. आईने विचारलंय की तू जेवणाच्या वेळा पाळतेस का. मी सांगितलं पाळते. मला माहीत नाही, पण मी सांगितलं.

तीन रविवार झाले, मीटर आठच्या वर जायला तयार नाही. आणि तीनही रविवारी मी डोळे मिटून सांगितलं की गाडी ठणठणीत आहे. मला वाटतं आता या विषयावर आणखी बोलायची गरज नसावी.

पण तू जे म्हणालीस, की "हा मागच्या रविवारी चार तास कधी बॉनेटखाली, कधी डॅशबोर्डखाली डोकं घालून बसला, सेन्सर बदलला, कंपनीला लिहिलं, तरी आठ ते आठच, मी वैतागले त्याच्यावर", ते वाचून, म्हणजे ऐकून, मला वाईट वाटलं. त्याच्यावर चिडू नकोस. माणूस हौसेने काहीतरी आणतो. आता त्याच्या नोकरीतच मीटर तपासायचा असतो, आणि घरचाच मीटर खोटा निघावा, ही जरा गंमत आहे खरी, पण त्याला बोलून दाखवू नकोस. मी तर चकार शब्द काढणार नाही.

तुझ्या फोननंतर मी गाणं गुणगुणत होतो म्हणे. आई मशीनवरून मान वर न करता म्हणाली, "एवढं काय झालंय आनंदाला?"

"कुठे काय? पोरीची गाडी ठीक आहे."

"गाडी पहिल्यापासून ठीकच होती. तुम्ही पहिल्यापासून गात नव्हतात."

हिच्याशी संसार केलेल्या माणसाला वेगळा मीटर कशाला लागतो?

मग म्हणाली, "आणि माझी चामड्याची सुई कोणी वापरली? तिकोनी टोकाची. टोकाला काळं लागलंय."

मी म्हटलं, "ग्रीस असेल."

ती म्हणाली, "ग्रीस पुसलं की जातं," आणि पुन्हा मशीन चालवायला लागली.

तुला एक गोष्ट सांगतो, हसू नकोस. मला त्या चकतीचा हेवा वाटतो. मी आईलाही सांगितलं. साठीच्या माणसाने बांगडीएवढ्या वस्तूचा हेवा करावा, आणि वर तो बायकोला सांगावा! ती म्हणाली, "चकतीचा नाही वाटत तुम्हाला."

तू कॉलेजात पहिला स्टेथोस्कोप आणलास तो दिवस आठवतोय? कुठल्या गाईच्या आधी तो तू माझ्या इंजिनला लावलास. एक नळी तुझ्या कानात, एक माझ्या कानात, दोघांची डोकी बॉनेटखाली चिकटलेली. तू म्हणालीस, "बाबा, तिसऱ्या सिलिंडरची झडप किटकिटतेय." बरोबर होतं. गॅरेजात उभे असलेले दोन टेम्पोवाले टाळ्या वाजवायला लागले. मी शिकलो कुणाकडून? कुणाकडूनच नाही. दुसऱ्यांच्या गॅरेजात फरशी पुसत असताना नुसते आवाज ऐकत शिकलो, कारण हत्याराला हात लावायची परवानगी नव्हती, ऐकायला कुणी मनाई केली नव्हती. माझ्याकडे जे काही आहे ते कानातून आलंय. ते मी एकाच माणसाला दिलं. आणि त्या माणसाला आता कोणीतरी सांगतंय की ऐकायची गरज नाही, नुसतं बघ.

हे जास्त झालं. हा परिच्छेद खोडणार होतो, पण पान वाया जाईल.

मुद्द्याचं एवढंच. मीटर काय म्हणतोय त्याकडे लक्ष देऊ नकोस. आठ दाखवू दे, सात दाखवू दे, सहा दाखवू दे. तू फोन डॅशबोर्डवर ठेव आणि चढावर घे. मी आहे ना.

तुझा कायमचा कान,
बाबा


९ डिसेंबर, मंगळवार

जावईबापूंना सप्रेम नमस्कार.

तुम्ही वयाने लहान, रिवाजाप्रमाणे तुम्हाला आशीर्वाद लिहायला हवा. पण आशीर्वाद वरून खाली येतो, आणि मी सध्या कुठे उभा आहे ते मला माहीत आहे. म्हणून नमस्कार.

तुमच्या लग्नाला तीन वर्षं झाली आणि तुम्हाला लिहिलेलं हे माझं पहिलंच पत्र. तिच्या हाताचं प्लास्टर सांभाळा. ती डाव्या हाताने सगळं करायला जाते, करू देऊ नका. तिची आई शुक्रवारी येतेय, तोवर तिच्या केसांची वेणी तुम्हालाच घालावी लागणार. जमेल. टॉर्च धरता तसा केसांचा पेड धरा.

पाकीट काल मिळालं. आत दोन इंच रबरी नळीचा तुकडा. त्यावर पांढऱ्या पेनाने काढलेलं बारीक, गोल वर्तुळ, तुमच्या हातचं, कुठे जाड नाही की कुठे पातळ नाही. वर्तुळाच्या मधोमध भोक. चिठ्ठी नाही. मी पाकीट दोनदा झटकलं, फाडून उलटं केलं. चिठ्ठी नव्हतीच.

ते पाकीट मी उघडत असताना तिची आई शेजारी सीट कव्हर बेतत होती. तिने तुकडा माझ्या हातातून घेतला, उजेडाकडे धरला आणि म्हणाली, "साध्या सुईचं भोक गोल पडतं. याला तीन कोपरे आहेत." मग उठून डबा आणला आणि ती सुई माझ्यापुढे ठेवली. "ग्रीस," एवढाच शब्द बोलली. कव्हर तसंच टाकून आत गेली. चाळीस वर्षांत तिने अर्धं बेतलेलं काम सोडून मी पाहिलेलं नाही.

म्हणजे तुम्हा दोघांना कळलंय. जिला कळायला हवं तिला कळलेलं नाही. तुम्ही तिला सांगितलं नाहीत, हे मला तिच्या कालच्या फोनवरून कळलं. ती अजून तुमच्यावरच रागावलेली आहे. म्हणाली, "बाबा, आठ दिवस झाले, मी याच्याशी कामापुरतंच बोलतेय. याने तो मीटर आणला नसता आणि सेन्सर बदलताना पाइपला धक्का लावला नसता, तर हे झालंच नसतं."

मी "हं" म्हटलं. मी 'हं' म्हटलं, जावईबापू. आणि तिला माझा आवाज घासलेला कळला नाही, कारण प्लास्टरमधला हात दुखत असताना माणूस दुसऱ्याचा आवाज ऐकत नाही.

आता जे झालं ते क्रमाने लिहितो. तुम्हाला क्रम आवडतो.

त्या शनिवारी तुम्ही सगळे चहाला आत गेलात. नळी बाहेरून आत येते तिथे, पायाजवळच्या गालिच्याखाली, मी बसलो होतो. इंजिनकडच्या जोडाचं छिद्र मी मुद्दामच बारीक ठेवलं होतं, सगळेच ठेवतात, आकडा थरथरू नये म्हणून. त्याच्या पुढे नळीला एक भोक पाडलं की सेन्सरपर्यंत दाब कमी पोचणार, हे मला चांगलं माहीत होतं. आतून तिचा हसण्याचा आवाज आला. तुम्ही काहीतरी हळू म्हणालात, ती आणखी हसली. माझे कान कसे आहेत ते तुम्ही जाणता, भिंतीपलीकडचा स्क्रू कुठल्या मापाचा पडला ते मी सांगतो. पण तुम्ही काय म्हणालात ते मला ऐकू आलं नाही. माझ्याच घरात, माझी मुलगी कशाला हसतेय ते मला कळेना. मी तिच्या आईच्या डब्यातून सुई घेतली, टोचली, फिरवली, वर टेप लावला, जरासा सैल. चार मिनिटांचं काम. माझ्या गॅरेजात कुणी असं केलं असतं तर मी त्याला अंगावरच्या कपड्यांनिशी बाहेर काढलं असतं.

मला फक्त एवढंच हवं होतं की मीटर खोटा ठरावा आणि रविवार माझा राहावा.

तो राहिला. चार रविवार राहिला. तुम्ही चार तास गाडीत डोकं घालून घाम गाळत होतात, ती तुम्हाला टाकून बोलत होती, आणि मी तिला पत्र लिहून सांगत होतो की त्याच्यावर चिडू नकोस. ते पत्र तिच्याकडे असेल. मागून घ्या आणि वाचा. त्यातला गोडवा बघा.

आता ३० तारखेचा रविवार. याबद्दल तुम्हाला काही माहीत नाही, तिलाही नाही. तिने फोन केला. "बाबा, आज पाचच दाखवतोय. आधी आठ तरी यायचा." मी म्हटलं, "फोन डॅशबोर्डवर ठेव. चढाव घे." मी डोळे मिटले.

मला सुसकारा ऐकू आला. बारीक, 'स्स' असा, तिने पाय दाबला की वाढणारा. लोक म्हणतील म्हाताऱ्याचे कान गेले, म्हणून हे लिहून ठेवतो, कान शाबूत आहेत. ऐकलं मी. आणि मनात म्हटलं, हे माझं भोक वाजतंय. टेप सुटला असणार. म्हणूनच आकडा आणखी उतरलाय.

ते माझं भोक नव्हतं. तो इंजिनकडे हवा नेणारा मोठा पाइप होता, क्लॅम्पखाली चिरलेला. दुसऱ्या कुठल्याही गाडीत, दुसऱ्या कुणाच्याही गाडीत, मी तो आवाज ऐकताक्षणी ओरडलो असतो, "थांबव, बॉनेट उघड." माझ्याच मुलीच्या गाडीत मी तो ओळखला नाही, कारण मला उत्तर आधीच माहीत होतं. मी म्हटलं, "भिंगरी बरी आहे. मीटरकडे बघू नकोस."

तिने बघितलं नाही. आज्ञाधारक पोर.

मंगळवारी चढावर दुधाच्या टँकरला ओलांडताना पाइप निसटला, गाडीची ओढ गेली आणि समोरून बस आली. टँकरवाल्याने ब्रेक मारून जागा दिली नसती तर मी हे पत्र लिहायला शिल्लक राहिलो नसतो, आणि ती असती की नसती, तो विचार मी पुरा करत नाही. ती दगडांत गेली, मनगट मोडलं. गुरांच्या डॉक्टरचा उजवा हात.

मग दवाखाना. तुम्ही तिच्या पायाशी उभे होतात, मी दाराशी. ती तुम्हाला म्हणाली, "तुझ्या मीटरने एक दिवस तरी खरं सांगितलं असतं तर मी पाचचा आकडा मनावर घेतला असता." आणि तुम्ही म्हणालात, "माझी चूक. सेन्सर बदलताना पाइपला माझा धक्का लागला असेल." तुम्हाला तेव्हा काहीच माहीत नव्हतं, तुम्ही खरंच तसं समजत होतात. मी दाराशी फळांची पिशवी धरून उभा होतो. बोलायला एक पाऊल पुरे होतं. मी पिशवी खाली ठेवली आणि तिच्या आईला फोन करायचा म्हणून बाहेर पडलो.

नंतर गाडी माझ्याकडे यायच्या आधी तुम्ही ती नळी काढून घेतलीत, साबणाच्या पाण्यात बुडवून पाहिली असणार, बुडबुडा आला असणार. तुम्हाला त्या क्षणी सगळं कळलं. ती जागा, तो टेप, तुम्ही चहाला गेल्यावर तिथे कोण बसलं होतं, सगळं. आणि तरी तुम्ही घरी जाऊन तिचं बोलणं खाल्लंत. आठ दिवस. नळी मला पाठवलीत आणि चिठ्ठी घातली नाहीत. मला मोकळं ठेवलंत. वाटलं तर मी ती नळी चुलीत टाकू शकलो असतो.

खरं सांगू? काल संध्याकाळभर मला त्याचाही हेवा वाटला. तुमच्या गप्प बसण्याचा. तिच्यासाठी इतकं करता येतं की तिच्या बापाला तिच्या नजरेतून उतरू द्यायचं नाही, त्यासाठी स्वतः उतरायचं, हे मला सुचलं नसतं. मी तिच्यासाठी इतकं केलं की तिची गाडीच तिच्याशी खोटं बोलेल अशी व्यवस्था केली. दोघांनी तिच्यासाठीच केलं म्हणायचं. फरक तुम्ही मोजा, तुमची नोकरी आहे.

तिची आई म्हणाली होती, चकतीचा हेवा नाही तुम्हाला. बरोबर म्हणाली होती.

गाडी तयार आहे. मोठा पाइप नवा, क्लॅम्प नवे, तुमच्या मीटरची नळी नवी, एक तुकडा, मधे जोड नाही, भोक नाही. आरसा बदलला. आज सकाळी एकटाच इथल्या चढावर घेऊन गेलो. आयुष्यात पहिल्यांदा डोळे उघडे ठेवून ऐकलं. कानाला एक वाटला. मीटरने शून्य पॉइंट नऊ आठ दाखवला. तुमचं बरोबर असणार. माझ्या टायरच्या गेजवरचं स्टिकर मी नखाने काढून टाकलं होतं, ते तुम्ही पुन्हा लावून द्या.

आता मागणं एकच. तुम्ही गप्प राहून मला जी वाट ठेवलीत ती मला नको. हे पत्र तिला द्या. वाचून दाखवू नका, तुमच्या आवाजात ते असेल त्यापेक्षा कमी वाईट वाटेल. तिला स्वतःला वाचू द्या, डाव्या हाताने पानं उलटत. ती माझ्याशी किती दिवस बोलणार नाही ते तिचं तिने ठरवावं, तुम्ही मधे पडू नका, मऊ आवाजात समजूत घालू नका. तुमच्यावरचा राग मात्र आजच्या आज उतरला पाहिजे. आठ दिवस तुमच्या वाट्याला आले ते माझे होते.

रविवारी मी नेहमीच्या वेळेला फोनपाशी बसेन. वाजला तर आधी विचारेन, मीटर किती दाखवतोय. मग ऐकेन. नाही वाजला तर बसून राहीन.

नळीचा तुकडा पाकिटात परत पाठवतोय. त्याच्यासोबत ही सुईही आहे, कागदाला टेपने चिकटवलेली, जपून काढा. भोकात घालून बघा, तिन्ही कोपरे बसतात. एका रीडिंगवर तुम्ही विश्वास ठेवत नाही. एक तुमचं झालं, हे दुसरं.

तुमचा सासरा